मिटलेले पुस्तक आणि कोरा कागद : दहावीच्या परीक्षेआधीचे तीन महिने

माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षा, म्हणजे घराघरांत जिला ‘दहावीचे बोर्ड’ म्हणतात ती परीक्षा, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ घेते, आणि या मंडळाच्या नऊ विभागीय मंडळांपैकी अमरावतीच्या विभागीय मंडळाकडे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व वाशीम हे पाच जिल्हे येतात. यांपैकी अमरावती जिल्ह्याच्या चांदूर बाजार तालुक्यातील विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका राज्यातील इतर कोणत्याही उत्तरपत्रिकेच्याच निकषांवर तपासली जाते. मात्र त्या उत्तरपत्रिकेपर्यंत पोचण्याचे त्याचे दिवस पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याच्या दिवसांपेक्षा फार वेगळे असतात. अभ्यासाविषयीचे बहुतेक छापील मार्गदर्शन स्वतंत्र खोली, शिकवणी वर्ग आणि शेतीच्या कामाशी संबंध नसलेले घर गृहीत धरून लिहिलेले असते. प्रस्तुत लेखात शिरजगाव कसबा, ब्राह्मणवाडा थडी, करजगाव, आसेगाव किंवा माधान अशा गावांतून शाळेत येणारा विद्यार्थी समोर ठेवला आहे, आणि त्याच्याजवळ असलेल्या थोड्या वेळाचा उपयोग नेमका कशासाठी करावा, हा त्यातील मुख्य विचार आहे.

प्रथम वेळेचा विचार करणे आवश्यक आहे. परीक्षा साधारणपणे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होते. २०२५ साली ती २१ फेब्रुवारीला सुरू होऊन १७ मार्चला संपली. तेथून मागे मोजत गेल्यास असे दिसते की, उजळणीचे सर्व दिवस तालुक्याच्या शेतीच्या सर्वांत गजबजलेल्या दिवसांवर येऊन पडतात. दिवाळीनंतर आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड उरकत आलेली असते, कापसाचे वेचे सुरू असतात, पुढे तुरीची काढणी येते, गव्हाचे ओलीत करावे लागते, आणि लेखी परीक्षा तोंडावर असताना हरभऱ्याची सोंगणी व मृग बहाराची तोड एकाच वेळी उभी राहते. त्यातच डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होणारी आणि जवळजवळ जानेवारीअखेरपर्यंत चालणारी बहिरमची यात्रा याच तालुक्यात भरते, पाहुण्यारावळ्यांची ये-जा वाढते आणि पूर्वपरीक्षेचे दिवसही नेमके तेच असतात. यात्रेला जाऊ नये, असा उपदेश निरर्थक आहे. एक दिवस जावे आणि तो दिवस आधीच ठरवून वेळापत्रकातून वजा करावा, हे अधिक शहाणपणाचे आहे.

अशा घरात ‘रोज आठ तास अभ्यास’ असे वेळापत्रक भिंतीवर चिकटवले, तर ते चौथ्या दिवशी मोडते आणि मोडलेल्या वेळापत्रकाची टोचणी उरलेल्या अभ्यासालाही मारक ठरते. त्याऐवजी दिवसातील दोन बैठका पक्क्या कराव्यात, एक पहाटेची आणि एक संध्याकाळची, प्रत्येकी सुमारे दीड तासाची, आणि घरात कितीही काम असले तरी या दोन बैठका मोडायच्या नाहीत, असे घरातल्या सर्वांच्या संमतीने ठरवावे. जास्तीचा वेळ मिळाला तर तो वरकड समजावा. तीन महिन्यांत केवळ या दोन बैठकांचे अडीचशेहून अधिक तास होतात आणि ते नीट वापरले तर सहा विषयांना पुरेसे आहेत. प्रश्न हे तास कसे वापरावेत, याचा आहे, आणि बहुसंख्य विद्यार्थी येथेच चुकतात.

बहुतेक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अभ्यास म्हणजे धडा पुन्हा वाचणे, वाचताना ओळींखाली रेघा मारणे आणि तिसऱ्यांदा वाचताना ‘हे तर येते’ असे समाधान मिळवणे. हे समाधान फसवे असते, कारण मजकूर डोळ्यांसमोर असताना तो ओळखीचा वाटणे ही एक क्रिया आहे आणि मजकूर समोर नसताना तो आठवून मांडणे ही पूर्णपणे वेगळी क्रिया आहे. परीक्षेत केवळ दुसरीच उपयोगी पडते. दुसऱ्या क्रियेच्या सरावाला अध्ययनाच्या मानसशास्त्रात स्मरणाचा सराव म्हणतात, म्हणजे शिकलेली गोष्ट पुस्तक मिटून स्मृतीतून बाहेर काढण्याचा प्रयत्न. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, तर दुसरा एकदा वाचून नंतर तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचलेला उतारा अधिक आठवला. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र दोनदा वाचलेल्या उताऱ्यातील सुमारे ४२ टक्के, तर आठवून लिहिलेल्या उताऱ्यातील सुमारे ५६ टक्के मजकूर आठवला. परीक्षा वाचनानंतर पाच मिनिटांनी नसते, ती काही आठवड्यांनी असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या फरकाचे मोल कळते.

या तालुक्याला तर या गोष्टीचा दाखला दूर शोधायला नको. माधानचे संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी वयाच्या पहिल्याच वर्षी गेली होती. इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन, ऐकलेले स्मरणात धरून आणि पुढे तोंडाने सांगून त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले, म्हणून त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटले जाते. त्यांची प्रतिभा असामान्य होती आणि तिची बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही; परंतु ज्याला पुन्हा पान उलटून पाहण्याची सोय नाही त्याने ऐकलेले स्वतःच्या मनात पुन्हापुन्हा मांडले पाहिजे, ही रीत कोणत्याही विद्यार्थ्याला काही अंशी आत्मसात करता येते. धाकट्या भावंडाने पुस्तक हाती धरून प्रश्न विचारावेत आणि परीक्षार्थ्याने न पाहता उत्तरे द्यावीत, एवढ्यानेही ती साधते, आणि त्यासाठी विचारणाऱ्याला विषय येण्याची गरज नसते.

प्रत्यक्ष कृती अशी करावी. पाठ्यपुस्तकातील एक घटक, फार तर चार-पाच पाने, लक्षपूर्वक एकदा वाचावा; पुस्तक मिटावे; कोऱ्या कागदावर आठवेल ते सर्व लिहावे, आकृती असेल तर काढावी; आणि मग पुस्तक उघडून वेगळ्या रंगाच्या पेनाने राहिलेले मुद्दे भरावेत. त्या कागदावर दुसऱ्या रंगात जे उतरते, तोच त्या विद्यार्थ्याचा खरा शिल्लक अभ्यास होय. उदाहरणादाखल विज्ञान भाग १ मधील ‘विद्युतधारेचे परिणाम’ या प्रकरणातील एक शास्त्रीय कारण घ्यावे : विजेच्या बल्बमध्ये कुंडल तयार करण्यासाठी टंगस्टन धातू वापरतात. पुस्तक मिटून लिहिताना बहुतेक विद्यार्थी ‘टंगस्टनचा द्रवणांक जास्त असतो म्हणून’ एवढेच लिहितात आणि उत्तर येते असे समजून पुढे जातात. हा प्रश्न दोन गुणांचा आहे आणि लिहिलेला मुद्दा एकच आहे. पहिला मुद्दा असा की, बल्ब विद्युतधारेच्या औष्णिक परिणामावर चालतो, म्हणजे धारा वाहताना कुंडलात उष्णता निर्माण होते, आणि कुंडल अत्यंत तप्त झाल्याशिवाय ते प्रकाश देत नाही. दुसरा असा की, टंगस्टनचा द्रवणांक सुमारे ३४०० अंश सेल्सिअस असल्याने तो इतका तापूनही वितळत नाही. कारणाची पहिली पायरी सोडून एकदम शेवटची पायरी लिहिणे ही विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेतील नेहमीची उणीव आहे आणि ती पुस्तक पुन्हा वाचून कधीच लक्षात येत नाही, कारण वाचताना दोन्ही पायऱ्या छापलेल्याच असतात.

स्मरणाच्या सरावाला जोड लागते ती अंतर ठेवून केलेल्या उजळणीची. शिकलेले सर्वांत वेगाने विसरले जाते ते पहिल्या काही तासांत व दिवसांत, आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरील प्रयोगांतून दाखवले. त्यावरून निघणारा व्यावहारिक नियम सोपा आहे : एका धड्याला सलग चार तास देण्यापेक्षा आज एक तास, परवा अर्धा तास, आठवड्याने अर्धा तास आणि तीन आठवड्यांनी पुन्हा अर्धा तास दिल्यास कमी वेळात अधिक टिकते. शेतीकामामुळे ज्यांचा दिवस तुकड्यातुकड्यांत विभागला जातो त्या विद्यार्थ्यांना ही पद्धत अडचणीची न ठरता सोयीचीच ठरते. पाण्याच्या पाळीवर धुऱ्यावर बसलेल्या मुलालाही कालच्या धड्यातील पाच प्रश्न मनाशी सोडवता येतात. धड्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने उजळणीच्या तारखा टाकत गेल्यास वेगळ्या तक्त्याची गरजही राहत नाही.

गणिताचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण गणितात पाठांतराचा आधार फार थोडा आणि कागदावर हात चालण्याचा फार मोठा. बीजगणित (भाग १) व भूमिती (भाग २) यांच्या प्रत्येकी ४० गुणांच्या प्रश्नपत्रिकांत ‘कृती पूर्ण करा’ हा प्रकार असतो. त्यात उदाहरणाच्या पायऱ्या दिलेल्या असतात आणि मधल्या रिकाम्या चौकटी भरायच्या असतात. प्रश्न २ मधील चार आणि प्रश्न ३ मधील तीन, असे सात गुण एकट्या या प्रकाराचे आहेत, आणि स्वतः सगळ्या पायऱ्या लिहिण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याला ते सहज मिळतात. केवळ उत्तर काढून मोकळे होणाऱ्याला मात्र चौकटीत काय हवे हेच उमगत नाही. दुसरी बाब सरावसंचाची. एका प्रकरणातील वीस उदाहरणे ओळीने सोडवताना कोणते सूत्र लावायचे हे आधीच ठाऊक असते, आणि परीक्षेत नेमके तेच ठाऊक नसते. म्हणून प्रकरणे एकदा पूर्ण झाल्यावर वर्गसमीकरण, संभाव्यता, श्रेढी, अर्थनियोजन यांतील एकेक उदाहरण एकत्र करून मिश्र सराव करावा. असा सराव सुरुवातीला जड जातो, चुका वाढतात आणि विद्यार्थी निराश होतो. तरीही तो सोडू नये.

चुकांसाठी एक वेगळी वही ठेवावी आणि तीत चुकलेले उदाहरण पुन्हा उतरवून काढण्याऐवजी चुकीचे कारण एका वाक्यात लिहावे. समजा, अंकगणिती श्रेढीचे, म्हणजे प्रत्येक पदात तीच संख्या मिळवत गेल्याने तयार होणाऱ्या क्रमिकेचे, पहिले पद ७ आणि सामान्य फरक ४ असताना एकोणिसावे पद काढायचे आहे, आणि विद्यार्थ्याने उत्तर ८३ काढले. बरोबर उत्तर ७९ आहे. वहीतील नोंद ‘गुणाकार चुकला’ अशी नसावी. ‘फरकाला १९ ने गुणले, १८ ने गुणायला हवे होते, कारण पहिल्या पदात फरक मिळवलेलाच नसतो’ अशी असावी. पहिल्या नोंदीने काहीच सुधारत नाही. दुसरीने त्या प्रकारची चूक बहुधा पुन्हा होत नाही. पूर्वपरीक्षेच्या तपासून मिळालेल्या उत्तरपत्रिका या वहीसाठी सर्वांत मोलाच्या असतात, आणि त्यांवरचे गुण पाहून त्या दप्तरात कोंबणे हा मोठा अपव्यय आहे. गेलेला प्रत्येक गुण मुळातच न आल्याने गेला, येत असून न आठवल्याने गेला, घाईने गेला की वेळ न पुरल्याने गेला, याची विभागणी केली म्हणजे उरलेल्या दिवसांत काय करायचे हे कोणालाही विचारावे लागत नाही.

वेळ न पुरणे ही तक्रार भाषांच्या बाबतीत सर्वाधिक ऐकू येते आणि तिचे कारण साध्या भागाकारात आहे. गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे यांच्या ४० गुणांच्या प्रश्नपत्रिकेला दोन तास, म्हणजे दर गुणाला तीन मिनिटे मिळतात. भाषेच्या ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेला तीन तास, म्हणजे दर गुणाला सव्वादोन मिनिटे. मराठी प्रथम भाषेच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे स्मरणापेक्षा आकलन व उपयोजन तपासणाऱ्या कृतींच्या प्रश्नपत्रिकेत, गद्याला १८, पद्याला १६, स्थूलवाचनाला ६, भाषाभ्यासाला १६ आणि उपयोजित लेखनाला २४ गुण असतात. पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा, प्रसंगलेखन किंवा आत्मकथन अशा प्रकारांचे हे २४ गुणांचे लेखन शेवटी येते आणि त्याला हिशेबाने ५४ मिनिटे लागतात. परंतु गद्य-पद्यावर लांबलचक लिहिण्याच्या नादात पुष्कळांच्या हाती शेवटी अर्धा तासही उरत नाही. म्हणून जानेवारीपासून दर रविवारी एक पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, मध्ये न उठता सोडवावी. मंडळाच्या मागील परीक्षांच्या प्रश्नपत्रिका यासाठी उत्तम; बाजारातील अपेक्षित प्रश्नसंच त्यानंतर, आणि तेही केवळ सरावापुरते. मूळ आधार बालभारतीचे पाठ्यपुस्तक हाच असावा, आणि ते हरवले-फाटले असल्यास बालभारतीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते.

भाषेच्याच संदर्भात वऱ्हाडी बोलीविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. घरात ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ म्हणणारा विद्यार्थी अशुद्ध बोलत नसतो. ज्या रिद्धपूरला म्हाइंभटाने तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केले ते शेजारच्या मोर्शी तालुक्यात आहे, आणि मराठी गद्याचा आरंभ सांगताना या भूमीचे नाव टाळता येत नाही. मात्र परीक्षेतील औपचारिक पत्र व बातमी प्रमाणभाषेत अपेक्षित असते, आणि जी रूपे बोलीतून लेखनात नकळत उतरतात त्यांची यादी स्वतःच्याच जुन्या उत्तरपत्रिकांतून काढून ठेवणे उपयोगाचे ठरते. कथा किंवा आत्मकथनातील पात्राच्या तोंडी वऱ्हाडी संवाद घालायला हरकत नाही, पण संवाद अवतरणचिन्हांत आणि निवेदन प्रमाणभाषेत, ही शिस्त पाळावी.

सामाजिक शास्त्रांविषयी थोडक्यात एवढेच की, भूगोलाचे पुस्तक भारत व ब्राझील यांच्या तुलनेवर उभे असल्याने दोन्ही देशांचे कोरे नकाशे आठवड्यातून दोनदा न पाहता भरावेत, आणि इतिहासातील उत्तरे मुद्द्यांत मांडावीत.

गुणांच्या मोजणीबाबत एक गैरसमज रूढ आहे. निकालाची टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवर काढली जाते, त्यामुळे सहावा, म्हणजे आपल्याला जड जाणारा विषय सोडून दिला तरी चालेल, असे काही विद्यार्थी मानतात. तसे करणे घातक आहे, कारण उत्तीर्ण सर्वच विषयांत व्हावे लागते. शिवाय लेखी ८० गुणांखेरीज तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण असतात, आणि ते शाळेतच, लेखी परीक्षेआधी ठरतात. प्रयोगवही व गृहपाठ वेळेवर पूर्ण ठेवणाऱ्याला हे गुण अर्ध्याअधिक कमावलेलेच असतात.

परीक्षेच्या काळात प्रवास हा स्वतंत्र विषय असतो. सकाळच्या सत्रातील प्रश्नपत्रिका ११ वाजता सुरू होते आणि केंद्रावर साडेदहापर्यंत पोचणे अपेक्षित असते; त्यामुळे गावाहून निघणारी नेमकी कोणती एसटी धरायची आणि ती चुकल्यास दुसरी सोय काय, हे परीक्षेच्या आठवडाभर आधी ठरवून केंद्र एकदा पाहून यावे. पूर्वी प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी दहा मिनिटे आधी मिळत असे. ती पद्धत २०२३ पासून बंद झाली आणि ती दहा मिनिटे शेवटी वाढवून देण्यात आली. यामुळे प्रश्नपत्रिका हाती पडताच पाच मिनिटे ती पूर्ण वाचण्यात घालवणे आता विद्यार्थ्याच्या स्वतःच्या निर्णयावर सोडलेले आहे, आणि तो निर्णय घेणेच हिताचे, कारण पर्यायी प्रश्नांतील योग्य निवड या पाच मिनिटांत होते. आदल्या रात्री जागरण करू नये. दिवसभर शिकलेले पक्के होण्यात झोपेचा वाटा असतो. कॉपीच्या भरवशावर जाणाऱ्याला एवढेच सांगणे पुरे की, गैरमार्ग सिद्ध झाल्यास मंडळ संपूर्ण परीक्षेची संपादणूक, म्हणजे मिळालेले सर्व गुण, रद्द करू शकते.

या साऱ्यात पालकांचा वाटा शिकवण्याचा नसून वेळ राखून देण्याचा आहे. कृषिपंपांना ज्या आठवड्यात रात्रीची वीज असते त्या आठवड्यात ओलिताला परीक्षार्थी मुलाला पाठवू नये. घरात दुसरे कोणी नसल्यास शेजाऱ्याशी पाळी बदलून घ्यावी. मुलींच्या बाबतीत नुकसान अधिक होते आणि ते कमी दिसते, कारण शेतावर गेलेला मुलगा घरात नाही हे सर्वांना दिसते, पण स्वयंपाक, पाणी आणि धाकट्यांना सांभाळणे यांत गेलेले मुलीचे दोन तास कोणी मोजत नाही. तीन महिने हे काम घरातील पुरुषांनी वाटून घेणे हीच तिला दिलेली सर्वांत मोठी शिकवणी आहे. नापिकी, कर्ज आणि घरातील ताण यांची झळ मुलांना न सांगताही कळते. एखादे मूल जेवणे-बोलणे कमी करू लागले, रात्र रात्र झोपेनासे झाले, तर त्याला रागावू नये, जवळ बसवावे आणि टेलि-मानस या शासनाच्या विनामूल्य मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. तो दिवसरात्र चालू असतो.

निकालानंतरचे मार्गही आधीच माहीत असलेले बरे. एक किंवा दोन विषयांत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश घेता येतो, आणि पुरवणी परीक्षा त्याच वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीच्या महिन्यांत होत असल्याने वर्ष वाया जातेच असे नाही. उत्तीर्ण झालेल्याला गुण वाढवायचे असल्यास श्रेणीसुधार योजनेखाली पुन्हा परीक्षा देता येते. मिळालेल्या गुणांविषयी शंका असल्यास गुणपडताळणी, म्हणजे बेरीज बरोबर आहे का आणि एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का हे पाहणे, आणि पुनर्मूल्यांकन, म्हणजे उत्तरे नव्याने तपासणे, या दोन वेगळ्या सोयी आहेत. पुनर्मूल्यांकनासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते आणि ती हाती आल्यापासून कार्यालयीन कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो, म्हणून ती आलेल्या दिवशीच विषयशिक्षकांना दाखवावी.